अळणी घरातले बटाटे

"ताई, अक्का उठंना गं..." बोरीहून धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसले होते. जेवून आडवी झाली, चहाला हाक मारली, हलवलं, तरी उठंना, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. ऐकताना माझ्या मनात पहिला विचार आला तो मशीनचा. उद्या तिचा डायलिसिसचा दिवस, म्हणजे आज संध्याकाळच्या आत तिला परभणीला आणायला हवं, रिक्षावाल्याला सकाळचं सांगून ठेवायला हवं... वर्षभरात डोकं असंच चालायला लागलं होतं. मग लक्षात आलं की आता कुणाला कुठंही न्यायचं नाही. खुर्चीतून उठायलाच वेळ लागला. रडू नंतर आलं. आपण इतके थकलोय हे मला तोवर माहीत नव्हतं.

अक्का माझी सख्खी मोठी बहीण. वडील बोरीत सालगडी होते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, बी.ए., एम.ए., बी.एड. सगळं केलं आणि आज कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. अक्का चौथीपर्यंत शिकली आणि मग आयुष्यभर दुसऱ्यांच्या रानात राबली. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणं. माझ्या डिग्रीचा अभिमान मला जेवढा, त्याहून कांकणभर जास्त तिला होता, पण तोंडावर कधी म्हणायची नाही. तोंडावर 'मास्तरीणबाई' म्हणायची, आणि तेही बहुतेक वेळा टोमणा मारायलाच. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याकडे कंपनीत, त्याला रजा मिळायची नाही. दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं तेव्हा डायलिसिस परभणीतच होणार होतं, आणि परभणीत घर माझं होतं. त्यामुळे ती कुठं राहणार यावर चर्चा झालीच नाही. पत्र्याची पेटी घेऊन आली आणि आमच्या भाड्याच्या वरच्या मजल्यावर राहिली.

आठवड्यातून दोनदा चार-चार तास मशीन. त्यासाठी डाव्या हाताची नस जोडून घेतलेली. त्या हातानं ओझं उचलायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. दिवसाला एक बाटली पाणी, तेही घोट घोट पुरवून. आणि खाण्याचा तर मोठा कागदच होता. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला तो कागद मी फ्रिजवर चिकटवला. बटाटा बंद, टोमॅटो बंद, केळं, नारळ, डाळीचं घट्ट वरण बंद, मीठ अर्ध्यावर. मी ठरवून टाकलं की जे तिला नाही ते घरात कुणालाच नाही. यात प्रेम होतं, पण खरं सांगायचं तर दुसरंही कारण होतं. सकाळी कॉलेज, दुपारी दवाखाना, संध्याकाळी पुन्हा चूल... दोन वेगळे स्वयंपाक करायला अंगात बळच उरायचं नाही. एकच भाजी, एकच आमटी, अर्ध्या मिठाची. माझे मिस्टर बिचारे मुकाट्यानं जेवायचे.

मला वाटलं होतं, अक्काला बरं वाटेल. पण झालं उलटंच. एकदा जेवताना तिनं मिस्टरांना भाकरी नुसती पाण्याच्या घोटाबरोबर उतरवताना पाहिलं आणि हातातला घास ताटात ठेवला.

"माझ्यापायी घर अळणी केलंस तू," ती मला म्हणाली. "जल्मात कुणाचं फुकट खाल्लं न्हाई. हितं यिऊन बसून खायलेय, ते बी तुमच्या तोंडचं काढून."

मी फ्रिजकडे बोट दाखवलं. तो कागद तुझ्यासाठी आहे, आमचं आम्ही बघून घेऊ, असं काहीतरी म्हणाले. त्यावर ती म्हणाली की शिकलीस लय, पण कागद माझा आणि पथ्य सगळ्या घराला, हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय ते दाखव. दुसऱ्या दिवशीही भाजी अळणीच झाली. मी हट्टी आहे, तीही होती. एकाच घरातल्या आम्ही.

बटाट्याचं सगळं इथून सुरू झालं. ती यायच्या आधी आणलेले बटाटे टोपलीच्या तळाशी तसेच पडून होते. घरात शिजवायचेच नाहीत म्हटल्यावर कुणी हात लावला नव्हता. दिवाळीच्या आवराआवरीत ते सापडले, सुरकुतलेले, बोटबोटभर कोंब आलेले. मी कचऱ्यात टाकायला निघाले तर अक्कानं टोपली हातातून काढून घेतली. कोंब आलेलं फेकू नये, म्हणाली. मी विचारलं, मग काय करायचं? लावायचं, म्हणाली. कुठं लावणार... खाली घरमालकांची फरशी, वर गच्ची. आणि आमच्याकडची काळी माती म्हणजे ओली झाली की चिखलाचा गोळा, वाळली की भेगा. बोरीच्या रानात तिनं आयुष्यात बटाटा पाहिला नव्हता. पण तिचं ठरलं होतं.

मशीनला जे औषधी पाणी लागतं ते दहा लिटरच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या कॅनमधून येतं. रिकामे कॅन वॉर्डाच्या मागे ढीग लागून पडलेले असतात. तिथल्या तंत्रज्ञ पोराकडून अक्का प्रत्येक खेपेला एक मागून आणू लागली. रिक्षात मांडीवर कॅन घेऊन बसायची. कुणीतरी म्हणालंच, मावशी, राकेल आणायला चालल्या का? घरी आणून ते धुवायचे, मिस्टरांनी वरचा भाग कापायचा. बोरीहून येणाऱ्या भावानं पोत्यात माती आणायची, शेणखत आणि सोयाबीनचं भुसकट आणायचं. माती हलकी करायला भुसकट निम्म्याला निम्मं. डाव्या हाताला बंदी, म्हणून सगळं एका हातानं कालवत बसायची. मी ओरडायची. ती म्हणायची, हा हात तुझ्या दवाखान्याचा, हा माझा.

शेजारच्या खाटेवर झरीकडचे एक शेतकरी असायचे, दोघांचे मशीनचे दिवस एकच. त्यांना हे कळल्यावर ते लय हसले. परभणीत कुठं बटाटा येत असतो का बाई, बटाटा इंदूरचा.

"माणूस मशीनवर जगायलंय, दादा," अक्का म्हणाली. "मग बटाटा डब्यात जगायला काय झालं?"

पहिली लागवड सडली. रोपं चांगली वितभर वाढली, मग एकाएकी माना टाकल्या. उकरून बघितलं तर आत काळपट लगदा, आणि वास तर विचारू नका. झालं असं होतं की तिला स्वतःला दिवसाचं एक बाटली पाणी, पण रोपांना मात्र ती हात सैल सोडून घालायची. आणि कॅनला खाली भोकच नव्हतं. आयुष्यभर रान बघितलेल्या बाईला ते सुचलं नाही, आणि मला शिकलेलीलाही नाही. शेताला कुठं बूड असतं, पाणी आपलंआपण जिरतं, असं म्हणत ती उकिडवी बसून त्या लगद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्यावानीच झालं बघ यांचं. आत जायलंय, बाहीर निघना."

मिस्टरांना फस्सकन हसू आलं आणि लगेच ते ओशाळले. पण तीच त्यांच्याबरोबर हसायला लागली... मला नाही हसता आलं. पुढच्या खेपेला वॉर्डात शिरल्या शिरल्या तिनं जाहीर केलं की माझ्या बटाट्याची किडनी फेल झाली. सगळ्या खाटा हसल्या. त्या खोलीत मी एवढं हसू कधी ऐकलं नव्हतं.

मग छत्रीची जुनी काडी गॅसवर तापवून तिनं प्रत्येक कॅनला बुडाला भोकं पाडली. कोंब आलेले थोडेच उरले होते. डोळा बघून त्यांचे तुकडे केले, राखेत घोळवले आणि पुन्हा लावले. रोप वाढेल तशी वरून मातीची भर. कॅन पांढरे, उजेड आत जातो आणि बटाटा हिरवा पडतो, हे मी मोबाईलवर वाचून सांगितलं. एवढं एक माझं शिक्षण त्यात कामी आलं. तिनं लगेच आपलं जुनं लुगडं फाडून प्रत्येक कॅनला गुंडाळलं. ती सगळी रांग गच्चीच्या कठड्याशी नेसून बसल्यासारखी दिसायची. मिस्टर म्हणायचे, अक्का, तुमच्या बायका उन्हाला बसल्या का? ती म्हणायची, पाव्हणं, नजर लावू नका.

हे सगळं गमतीचं वाटेल, पण ते महिने गमतीचे नव्हते. मशीनवरून उतरली की ती अर्धा दिवस पडून असायची. बीपी खाली जायचं, पायात गोळे यायचे. कधी म्हणायची, बास झालं आता, मला बोरीला नेऊन सोड. मी घड्याळ बघत, वह्या तपासत, तिच्या पोटऱ्या चोळत बसायची. आम्ही दोघीही थकलेल्या होतो आणि एकमेकींना तसं सांगत नव्हतो. मात्र संध्याकाळी ती कठडा धरून जिना चढून गच्चीवर जायची. मला वाटायचं, हिला बटाटा खावासा वाटतोय. ते मी मनाला लावून घेतलं. दवाखान्यात जाऊन आहारतज्ज्ञ बाईंना विचारून आले. त्या म्हणाल्या, पातळ काप करा, पुष्कळ पाण्यात भिजवा, ते पाणी टाका, मग उकळा, तेही पाणी टाका, मग एखादा घास चालेल. मी मोठ्या आनंदानं हे अक्काला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, एवढा धुतल्यावर त्यात बटाटा कुठं राहिला. आणि मला खायचाय असं कुणी सांगितलं तुला?

उन्हं तापायला लागली तशी पानं पिवळी पडली. एका रविवारी गच्चीवर पोतं अंथरून मिस्टरांनी पहिला कॅन उलटा केला. मातीचा गड्डा पडला, तो तिनं बोटांनी फोडला. लिंबाएवढे, सुपारीएवढे, एखादाच मुठीएवढा. सालं इतकी पातळ की अंगठ्यानं निघावीत. एका कॅनात ओंजळभर. शेवटचा एक कॅन अजून हिरवा होता तो ठेवून बाकी सगळे काढले. थोडे तिनं पदरात बांधून वॉर्डात नेले, तंत्रज्ञ पोराला आणि बाहेर ताटकळत बसणाऱ्या नातेवाइकांना वाटले. खाटेवरच्यांना नुसते हातात धरायला दिले. तुमी बघा, बाहीरचे खातील, असं म्हणाली. झरीच्या त्या दादांनी वास घेतला आणि परत दिला.

घरी त्या दिवशी स्वयंपाकघरात तिनं मला येऊ दिलं नाही. येसर, म्हणजे आमच्याकडचा भाजक्या धान्याचा मसाला, घालून बटाट्याचा रस्सा केला, आमची आई करायची तसा दाट, वर तेलाचा तवंग. आणि मीठ पुरतं घातलं. स्वतःच्या ताटात अळणी दुधी आणि भाकरी घेतली आणि आम्हा दोघांच्या समोर बसली. मला घास काही उचलवेना. तुला नाही ते माझ्या घशाखाली कसं उतरेल, असं मी म्हणाले.

"उतरव," ती म्हणाली. "बघून पोट भरत न्हाई, कळतं मला. पर आज हे घर माझ्या हातचं जेवायलंय. तेवढं तरी बघू दे."

मिस्टरांनी आधीच सुरुवात केली होती. मी खाल्लं. तिनं विचारलं, मीठ? मी म्हणाले, बरोबर आहे. बरोबर म्हणजे कसं, नीट सांग. मग मी नीट सांगितलं. रस्सा तिखट आहे, बटाटा आतून पिठूळ झालाय, मीठ पुरेपूर आहे, आईची आठवण येतेय... ती दुधी चावत ऐकत होती. ताट पुसून झाल्यावर म्हणाली, आता कसं घरासारखं झालं. त्या दिवसापासून तिच्या हट्टानं घरात दोन भाज्या शिजू लागल्या. आमची ती करायची, तिची मी.

हे फार दिवस चाललं नाही. दोन मशीनच्या मधल्या मोकळ्या दिवशी बोरीला एक रात्र राहून येते म्हणून गेली. जाताना सांगून गेली की शेवटच्या कॅनला पाणी घालू नका, आल्यावर काढू.

दुसऱ्या दिवशी भावाचा तो फोन आला. बोरीला तिचा जलदान विधी झाला. येणारे म्हणत, सुटली बिचारी. मला कुणी तोंडावर म्हणालं नाही की तूही सुटलीस, पण नजरेत होतं. मी रागावले नाही. खरं होतं ते, आणि त्यानं काहीच हलकं वाटत नव्हतं. परतल्यावर फ्रिजवरचा कागद काढून टाकला. आता घरात कसलीच बंदी नाही. केळी आणा, नारळ आणा, काहीही आणा... बाजारात पिशवी घेऊन उभी राहते आणि काय घ्यावं ते कळत नाही.

शेवटचा कॅन तसाच होता. पानं पार वाळून गेली होती. मिस्टरांनी तो उलटा केला, मी माती फोडली. घरात येसर होता, तिनंच दळून आणलेला. रस्सा केला. तिनं घरासाठी पिकवलं होतं, घर अळणी राहू नये म्हणून. तेव्हा मीठ पुरतं घालायचं असं मनाशी ठरवून घातलं. पण हाताचा अंदाज गेला होता. आम्ही दोघं समोरासमोर जेवायला बसलो. पहिला घास घेतला आणि मी म्हणाले, खारट झालंय.

"झालंय," मिस्टर म्हणाले. "वाढ अजून."

पातेलं रिकामं होईपर्यंत जेवलो. दुसऱ्या दिवशी आमटीत मीठ टाकताना हात पुन्हा अर्ध्यावर थांबला. रोजच थांबतो. मिस्टर ताटाच्या कडेला चिमूटभर वरून घेतात. मी डब्यात चमचा बुडवते, बाहेर येतो तो अर्धाच भरलेला... हात ऐकत नाही. मीही आता त्याच्या मागे लागत नाही.