खडूच्या खुणा
व्हाइट स्पिरिटचा वास आला की मला लीड्समधला तो दसरा आठवतो. माझ्या नवऱ्याने हॉस्पिटलच्या नाइट ड्यूट्या करकरून साठच्या दशकातली, दांडग्या इंजिनाची एक अमेरिकन मसल कार घेतली होती. तसल्या गाड्या इकडे मुळातच थोड्या, आणि हिच्या बॉनेटखाली तर फॅक्टरीतल्या कुणा कामगाराने खडूने केलेल्या खुणा अजून जशाच्या तशा होत्या. जाणकारांच्या लेखी तिचं सगळं मोल त्या खुणांत होतं. पुण्याहून आलेल्या सासऱ्यांनी सकाळी पूजेसाठी रंगाचे डाग काढायच्या व्हाइट स्पिरिटच्या चिंधीने गाडी बॉनेट उघडून आतूनसुद्धा लख्ख पुसली आणि तिथेच कुंकवाचं स्वस्तिक काढलं. "कुणीतरी खडूने गिरगटून ठेवलं होतं रे," ते लेकाला म्हणाले, "बघ, आता कशी नव्यासारखी दिसतेय." नवऱ्याने बॉनेट उचलून आत पाहिलं. "बाबा, ती नवी नकोच होती," एवढंच म्हणाला. त्यानंतर परत जाईपर्यंत सासऱ्यांनी विचारल्याशिवाय घरातल्या कशालाच हात लावला नाही, टीव्हीच्या रिमोटलासुद्धा. ते पुन्हा आलेच नाहीत, आणि आता तर ते राहिलेही नाहीत. गाडी अजून गॅरेजमध्ये आहे. बॉनेटखालचं स्वस्तिक वर्षागणिक फिकट होतंय, आणि त्यावर नवं कुंकू नवरा मला लावू देत नाही.