मायणीत उणे एकोणीस अंश

फलटण–दहिवडी–मायणी–विटा–तासगाव हा रस्ता फिरायला म्हणून कुणी धरत नाही. मीही धरला नसता. पण अक्काचा फोन आला, "चॉकी आणायची हाय, गाडी घिऊन येतोस का?" आणि मोठ्या बहिणीला नाही म्हणायची माझी प्राज्ञा नाही.

चॉकी म्हणजे रेशमाचे कोवळे किडे. अक्काने तासगावजवळच्या आपल्या रानात द्राक्षबाग मोडून एकरभर तुती लावली, तेव्हापासून घरात धुसफूस चालू होती. "पयली बॅच वाया गेली की तुती उपटणार," असं दाजींनी सुनावलंच होतं. ही ती पहिली बॅच.

आदल्या दिवशी मी स्वतः टायरची हवा, पाणी, एअर फिल्टर सगळं बघून घेतलं. लांबच्या प्रवासाआधी एवढं करावंच. अक्का मुक्कामाला माझ्याकडे साताऱ्यात आली होती. पहाटे निघून आठला फलटण गाठलं. चॉकीवाल्याने मागच्या सीटवर पाच ट्रे रचले आणि वरच्यात एक थर्मामीटर ठेवला. "कात टाकायला झोपलेत. दोनपर्यंत उठतील, उठल्याउठल्या पाला पाहिजे. आणि पारा तिशीपार जाऊ देऊ नका."

फेब्रुवारी संपत आला होता, ऊन चटके द्यायला लागलं होतं. एसी लावून निघालो. मोगराळे घाट देखणा आहे म्हणतात. मी पाहिला नाही, कारण दुसऱ्याच वळणावर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडी उचक्या द्यायला लागली. आरशात काळा धूर, आत पेट्रोलचा वास. मी फलटणच्या पंपवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. भेसळ, दुसरं काय!

दहिवडीत मिसळ खाल्ली, तीही उभ्याउभ्या, इंजिन चालू ठेवून. तर्री झणझणीत, पाव ताजे, जरूर थांबा. अक्का गाडीतून उतरली नाही. तिची नजर पाऱ्यावर होती.

मायणीच्या तलावावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात. आम्ही मात्र अकरा वाजता गाडी ढकलत युसूफभाईंच्या गॅरेजात शिरलो. इंजिन बंद, म्हणजे एसीही बंद. ट्रे उचलून आतल्या सावलीत ठेवले. पारा अठ्ठावीस.

पंपाची कहाणी सांगायला मी तोंड उघडलं, पण साठीचे युसूफभाई ऐकायला थांबलेच नाहीत. त्यांनी छोटं यंत्र गाडीला जोडलं आणि हसले.

"दादा, इंजिनात जाणारी हवा उणे एकोणीस दाखवतंय. मायणीत बर्फ पडलाय व्हय?"

"मग पेट्रोल?"

"पेट्रोल ब्येस हाय. हवेचा सेन्सर खोटं बोलतोय. लय थंडी हाय म्हणून गाडी बिचारी जादा पेट्रोल ढोसतीया, न् पचंना तिला."

त्यांनी फिल्टरजवळच्या पाइपातून बोटभर सेन्सर काढला, मीटर लावलं आणि तो गरम चहात बुडवला. सेन्सर तापला की विजेचा रोध कमी होतो, म्हणजे मीटरचा आकडा उतरायला हवा होता. ढिम्म हलला नाही. मग त्यांनी उलटून बघितला. प्लास्टिकला तडा, त्यावर स्क्रूड्रायव्हरने व्हावा तसा ताजा ओरखडा.

"पिचकस लागलाय. कुणी उचकटलं हुतं?"

मी खाकरलो. "सर्व्हिसवाल्याने."

युसूफभाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

नवा सेन्सर विट्याहून यायचा तर दोन तास. भंगारातल्या गाडीचा एक होता, पण तो तरी खरं बोलतो का? "मोबाइल लांबचं तापमान दाखवतोय. मला हितल्या हवेचं पायजे," म्हणत त्यांनी ट्रेमधल्या थर्मामीटरकडे हात नेला.

"हात नगा लावू!" अक्का ओरडली. "तंबाखू हाय तुमच्या हाताला. किडं मरत्यात!"

युसूफभाईंनी चूळ भरली, दोनदा साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. अक्काने थर्मामीटर दिला आणि मनगट ट्रेवर धरून बसली, तापल्या लेकराजवळ बसावं तशी. भंगारातला सेन्सर जोडला. यंत्र म्हणालं एकतीस. पाराही एकतीस.

"इकडं बी वाढलंय," अक्का म्हणाली. "हाणा लवकर."

सव्वाबाराला गाडी एका फटक्यात सुरू झाली. विटा कसं गेलं आठवत नाही. पावणेदोनला पोचलो, तर दाजी शेडच्या दारात चिरलेल्या पाल्याची पाटी घेऊन उभे. कडेचे काही किडे उठलेच नाहीत. बाकीच्यांनी माना वर केल्या आणि पाल्यावर चढले. अक्का तिथेच मटकन खाली बसली.

परतताना सांगलीत भडंग घेतलं आणि कराडवरून हायवेने आलो. रस्ता मक्खन, पण घास गोड लागेना.

महिन्याभराने अक्काचा फोन आला. कोष चांगले निघाले होते, दाजी तुतीला पाणी देत होते. "तुज्यामुळं पोचलं रं," ती म्हणाली. मग मात्र राहवलं नाही. "अक्का, तो सर्व्हिसवाला मीच होतो. फिल्टर काढताना पिचकस घातला."

"ठावं हाय. खोटं बोलताना खाकरतोस तू, बारका हुतास तवापासनं."

"मग तिथंच का नाही बोललीस?"

"तुज्याशी भांडत बसले असते तर किडं गेलं असतं." ती थांबली. "पुढची चॉकी पंधरा तारखेला हाय. गाडी घिऊन ये. फिल्टरला हात लावू नगंस."