श्री नावाची फाइल

बडोद्याला, छाणी भागात, आमचं डिझाइनचं ऑफिस आहे. नंदेसरीच्या केमिकल कारखान्यांसाठी आम्ही ड्रमवरची लेबलं करतो: कवटी, दोन हाडं, 'हातमोजे वापरा'. या कामात कुणाला कलावंत म्हणून मिरवता येत नाही, ही त्यातली मोठी सोय.

मध्यंतरी शेठना वाटलं, सगळ्यांच्या फाइली ऑनलाइन, एकाच ठिकाणी हव्यात. त्याचा समारंभ झाला. मॉनिटरला हार, नारळ, पेढे आणि "हवे आपणे ग्लोबल!", म्हणजे आता आपण ग्लोबल, असं गुजराती भाषण. शेजारी आमचे सर्वांत जुने डिझायनर उभे होते. ते पाणीगेटला राहायचे. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. ते माझ्या कानाशी म्हणाले, "फोल्डर उघडायला नारळ फोडणारं बडोद्यातलं हे पहिलंच ऑफिस. घे, ग्लोबल पेढा घे."

मी हसलो आणि त्याच समारंभात फाइलींचा व्यवस्थापक झालो. नियम मी केले. नावात आधी ग्राहकाचा क्रमांक, मग माल, मग आवृत्ती. क्रमांक नसलेली फाइल दर शनिवारी कचऱ्यात, आणि कचराही लगेच रिकामा. माझा खरा राग 'श्री'वर होता. आमच्याकडे नवं काम घेतलं की आधी एक कोरी फाइल उघडून मधोमध 'श्री' लिहायचं, तिचं नावही 'श्री' ठेवायचं आणि मग काम दुसऱ्याच फाइलीत करायचं, अशी पद्धत पडली होती. शनिवारी यादीत दहाबारा श्री निघायचे. मी ते न उघडता उडवायचो.

"देवालासुद्धा क्रमांक लागतो का रे?" ते विचारायचे.

"लागतो. आणि आवृत्तीही."

एका शुक्रवारी सकाळी ऑफिसला निघताना ते घराच्या जिन्यातच कोसळले. दवाखान्यापर्यंतही पोहोचले नाहीत. दुसऱ्या दिवशी ऑफिसला सुट्टी होती, तरी मी गेलो. घरी बसवेना, हाताला काहीतरी काम हवं होतं. वार शनिवार होता. मी फाइली साफ केल्या, नेहमीपेक्षा जास्त मन लावून.

तेराव्याला वहिनींनी मला बाजूला बोलावलं. मुलीचं लग्न ते गेले त्याच आठवड्यात ठरलं होतं, आणि आता ते वर्षाच्या आत उरकायचं होतं. "भाऊजी, पत्रिका ते स्वतः करत होते. जेवणाच्या सुट्टीत बसायचे म्हणे. हिला लिंक पाठवली होती, ती आता उघडत नाही. तेवढी शोधून द्या. त्यांच्या हातची एवढीच राहिलीय."

मी 'पत्रिका' शोधलं, 'लग्न' शोधलं, मुलीचं नाव शोधलं. त्यांच्या सगळ्या फाइली एकेक करून उघडल्या. कवट्याच कवट्या. शेवटी त्यांच्या ऑफिसच्या मेलमध्ये गेलो. तिथे त्यांच्या जाण्याच्या आदल्या दिवशीची एक सूचना पडून होती: 'श्री' या फाइलवर नवी टिप्पणी. खाली मुलीनं लिहिलेलं: "बाबा, मोर नको ना. सगळ्यांच्या पत्रिकेवर मोर असतो."

सॉफ्टवेअर कुणाचं काही लपवत नाही. नोंदींच्या पानावर ओळ होती. फाइल बनवली, त्यांनी. कायमची काढली, मी. वेळ शनिवारची, सकाळी अकराची. त्यांनी श्री लिहिला होता, पण नंतर दुसरी फाइल उघडली नव्हती. त्याच्याखालीच पत्रिका करत बसले होते. ग्राहकाचा क्रमांक तरी काय घालणार होते ते?

सॉफ्टवेअर कंपनीच्या मदत-कक्षाला मी तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा फार नम्र उत्तर आलं.

पाणीगेटला गेलो तेव्हा वाटेत वाक्य तयार केलं होतं. वहिनींनी दार उघडलं आणि माझ्याकडे बघून त्याच म्हणाल्या, "नाही ना सापडली? मला वाटलंच. यांचं असंच. कुठे काय ठेवतील, नेम नाही. घरातसुद्धा चष्मा आम्हीच शोधायचो."

सगळ्या ऑफिसात ज्यांच्या फाइली न विचारता सापडायच्या, असे ते एकटेच होते.

"हो," मी म्हणालो, "त्यांचं जरा तसंच होतं."

मुलगी चहा घेऊन आली.

पुढे पत्रिका आली. पाणीगेटजवळच्या छापखान्यातून तयार नमुना निवडलेला, वर सोनेरी श्री. खाली, दोन्ही बाजूंना, मोर.