ताटावरचा हात

माझे लग्न जुळवायला आम्ही सुरतेच्या एका बड्या शाकाहारी हॉटेलात जेवायला गेलो, तेव्हा आधी चार घास पोटात टाकून निघावे हे कोणालाच सुचले नाही. मुलाचे वडील मूळचे आमच्याच तळोद्याकडचे. पण मिलच्या कचेरीत खुर्ची मिळाल्यापासून त्यांना पाटावर बसवत नव्हते. घरी मुलगी पाहणे आता गावंढळ दिसते, असे त्यांनी कळवले होते. आई हट्टाने, आम्ही उतरलो होतो त्या मावशीकडेच थांबली. परक्याच्या हातचे, तेही टेबलावर बसून खाणे तिच्या धर्मात बसत नव्हते.

वडिलांना हे स्थळ हवे होते. मला तर फारच हवे होते, कारण यानंतरचे स्थळ दोन बायका मेलेल्या एका जमीनदाराचे होते.

हॉटेल झकास होते. संगमरवरी टेबले, डोक्यावर विजेचा पंखा. वाढपी इतके टापटीप की वडिलांनी पहिल्यालाच मालक समजून वाकून रामराम केला. ताटात दोन फुगीर पुऱ्या आणि भातुकलीतल्या वाटाव्यात अशा वाट्या मांडलेल्या. पुरुषांच्या पंगतीला मी जन्मात पहिल्यांदाच बसले होते.

आता आमची रीत सांगायला हवी. वाढायला कोणी आले की पाहुण्याने ताटावर हात आडवा धरून "बस, बस" म्हणायचे. याचा अर्थ वाढा. यजमानाने त्या हाताला न जुमानता बोटांवरूनच वाढायचे, आणि पाहुण्याने रागावल्यासारखे करून सगळे फस्त करायचे. हात न धरणारा पाहुणा हावरट, आणि हात पाहून माघारी फिरणारा यजमान सोयरीक मोडायला निघालेला.

वाढपी पुऱ्या घेऊन आला. वडिलांनी हात धरला. वाढप्याने अदबीने मान लववली आणि तो पुढे गेला. उंधियूचेही तेच झाले. भाताच्या वेळी तर वडिलांनी हात जरासा फटीचा धरला, तरी उपयोग झाला नाही.

"पाहुणे अगदी बेताचं जेवतात," मुलाचे वडील कौतुकाने म्हणाले. "आरोग्याला हेच चांगलं."

वडिलांचा चेहरा उतरला. माझ्याकडे झुकून ते पुटपुटले, "त्यास्नी आग्रह नई कया. हाई सोयरीक जमनार नई." माझ्या डोळ्यांपुढे तो जमीनदार उभा राहिला आणि मला रडू येऊ लागले.

तेवढ्यात बासुंदी आली. वडिलांनी सवयीने हात धरला. आतापर्यंत तोंड न उघडलेला मुलगा उठला, वाढप्याच्या हातातली पळी त्याने काढून घेतली आणि माझ्या वडिलांच्या बोटांवरून बासुंदी ओतली. ती मनगटावरून नव्या कोटाच्या बाहीत गेली. वाढपी पांढराफटक पडला. मुलाचे वडील शेजारच्या टेबलाकडे पाहून माफी मागितल्यासारखे हसले.

वडील रीतीप्रमाणे रागावले आणि मग बोटे चाटत मला म्हणाले, "हाऊ पोऱ्या आपला शे." त्यानंतर मुलाने त्यांना सगळे पहिल्यापासून वाढले. पान यायच्या आत लग्न ठरले.

त्या दिवशी मीही ताटावर हात धरला होता. वाढपी पुढे गेला, आणि पळी घेऊन फिरणारा मुलगाही पुढे गेला. मला फार वाईट वाटले, पण ते मी गिळले. गिळायला दुसरे काही नव्हतेच.

लग्नानंतर नवऱ्याने मोठ्या हौसेने मला त्याच हॉटेलात नेले. बासुंदी आली तसा तो पळीसाठी उठू लागला. "हात धर ना," हसत म्हणाला, "मी वरून वाढतो."

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि वाढप्याला म्हटले, "वाढा. आणि परत एकदा या."