घोंगडीच्या आतला प्रयोग

जुन्या जालन्यात माझं कापडाचं दुकान आहे आणि माझं तोंड हाच त्या दुकानातला खरा माल. सासुरवाडी वाटूरजवळ, मोसंबीच्या बागेत. गेल्या उन्हाळ्यात आम्ही नवरा-बायको तिथे गेलो होतो. लाइट आली आणि मेव्हणा म्हणाला, "दाजी, जरा मोटार चालू करता का?"

जावयाला असं काम कोण सांगतं? पण बागेत मजूर बघत होते. मी बाह्या सरसावल्या आणि नाटकाचा पडदा सारावा तशी स्टार्टरची पेटी उघडली. आत गांधीलमाश्यांचं पोळं! मानेवर दोन डंख बसले. मी जी उडी मारली तिला बागेतून टाळ्या पडल्या.

मेव्हण्याने डंखांवर पकडीचं लोखंड घासलं. घरी येईपर्यंत तळहात खाजायला लागले. मग पोट, मग पाठ. गांध्या उठल्या.

"पित्त उठलं," सासूबाई म्हणाल्या. "जल्दी घोंगडी आणा!"

सासरच्यांनी मेंढरं सोडून दोन पिढ्या झाल्या, पण पित्तावर घोंगडी हा त्या घरातला कायदा अजून चालू आहे. मला नाकापर्यंत गुंडाळून ओसरीवर बसवलं. सगळं घर भोवती जमलं. समोर एवढी माणसं, अंगावर असा पोशाख! मी गप्प बसतो होय? माझी ठेवणीतली गोष्ट काढली. एक म्हातारं गिऱ्हाईक धोतर बघायला येतं, अर्धं दुकान खाली उतरवतं आणि एक रुमाल घेऊन जातं.

गोष्टीतला म्हातारा दुकानाची पायरी चढला आणि माझा आवाज जड झाला. जीभ तोंडात मावेना. श्वास आत जाताना शिट्टीसारखा वाजू लागला. मी "पाणी" म्हणालो. बाहेर आली ती नुसती घरघर.

मेव्हणा हसून हसून आडवा झाला. "दाजी, लई भारी! बराबर म्हातारा काढून राह्यले!"

मी हात वर केला. तो घोंगडीच्या आतच राहिला. मान हलवली, तर आणखी हशा. मला माणसं लांब, विहिरीच्या काठावरून डोकावल्यासारखी दिसायला लागली. माझा जीव जात होता आणि प्रयोग रंगत होता.

बायको स्वयंपाकघराच्या दारात कोथिंबीर निवडत होती. ही गोष्ट तिने लग्नापासून ऐकलेली. हसणं तिने कधीच सोडून दिलं होतं. ती एकदम म्हणाली, "त्या म्हाताऱ्याचा आवाज असा न्हाई. किनरा हाय. काढा ती घोंगडी!"

"अगं, वारं लागंल त्यान्ला—"

"आई, पित्तानं कधी बोलणं जातं का?"

तिने घोंगडी ओढून काढली. माझे ओठ फुगून नाकाला टेकले होते. मग कोणीच हसलं नाही.

मेव्हण्याने जीप कशी हाणली ते मला आठवत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी मला बघितलं, "काय चावलं?" एवढंच विचारलं आणि सरळ मांडीत इंजेक्शन दिलं. नाकातोंडावर ऑक्सिजन लावला, हाताला सलाइन. हळूहळू घसा सुटत गेला. इंजेक्शनने छाती धडधडत होती, पण हवा आत जात होती.

"ॲनाफिलॅक्सिस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी पदर सावरला. "म्हंजे पित्तच की, बाई?"

"नाही, मावशी. साध्या पित्ताच्या गांध्या कातडीवर उठतात आणि जातात. यात आतूनही सूज येते. घसा आवळतो, श्वास अडकतो, रक्तदाब खाली येतो. काही मिनिटांत माणूस जाऊ शकतो." मग माझ्याकडे वळल्या. "गांधीलमाशी याआधी चावली होती?"

चावली होती, मागच्या वर्षी. नुसता हात सुजला होता.

"तेव्हा अंगाने ते विष ओळखून ठेवलं. आज गरज नसताना सगळी ताकद त्याच्यावर सोडली."

म्हणजे एका आगंतुक पाहुण्याला हाकलायला माझ्या अंगाने अख्खा मांडवच पेटवला होता. हे मला समजलं, आणि समजल्यावर जास्त भीती वाटली. मांडव माझाच होता.

"इंजेक्शनचा असर उतरल्यावर हे परत उलटू शकतं," त्या म्हणाल्या. "उद्यापर्यंत इथंच थांबा. आवाज बदलला, धाप लागली, तर लगेच हाक मारा."

सासूबाई खाटेला खेटून बसल्या. "जावईबापू, बोला."

"काय बोलू?"

"काही बी. गप बसू नका."

मी म्हातारा परत दुकानात आणला. रुमालापाशी नेहमीप्रमाणे रंगत यावी म्हणून क्षणभर थांबलो, तर सासूबाई किंचाळल्या, "बाई, धावा! बंद पडले!"

डॉक्टरीणबाई धावत आल्या, छाती तपासली, माझ्यावर डोळे वटारून गेल्या.

बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होती.

"किनरा आवाज काढा," ती म्हणाली.

मी घसा खाकरला. पहिल्यांदा जमला नाही. ती स्टुलावरून अर्धी उठली. दुसऱ्यांदा म्हातारा जसाच्या तसा आला, बारीक, चिरका, रुमालाचा भाव विचारत.

ती खाली बसली, भिंतीला डोकं टेकवलं आणि त्या शिळ्या गोष्टीला किती तरी वर्षांनी हसली. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "पुढं सांगा."