भिकाची झोप

आधीच सांगतो, भूतबित, करणीबिरणी मी मानत नाही. गावात मांत्रिक आला की त्याची टर उडवणारा मीच असायचो. तेव्हा ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून शिकवायला येणाऱ्यांनी कृपया गप्प बसावं... ते सगळं मी स्वतःला सांगून झालंय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतला भेस्तानमध्ये मी आणि माझ्याच गावचा भिका, एका लूमच्या कारखान्यात कामाला. खोली एक, गोधडीही एकच. बारा तासांची पाळी. सकाळी सातला एकाने कामावर जायचं, दुसऱ्याने येऊन त्याच उबदार गोधडीत शिरायचं. दर पंधरा दिवसांनी पाळी बदलायची, म्हणजे रात्रीची झोप दोघांना सारखी मिळायची.

ती वाटणी मी मोडली. डॉक्टरने रात्रीच्या जागरणाला मनाई केलीय, असं कारखान्याच्या मास्तरला खोटंच सांगून दिवसपाळी कायमची घेतली. भिकाला दिवसा झोप लागायची नाही — वर तापलेला पत्रा, शेजारी लूमचा खडखडाट. दोन महिन्यांत त्याचे डोळे खोल गेले.

“एक पंधरवडा दे रे भो,” तो म्हणाला, “माले दिनमा झोप लागत नही.”

“मनी तब्येत देख ना,” मी म्हटलं.

पुढच्याच आठवड्यात तो मशीनवर उभ्या उभ्या पेंगला आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. तो गावी गेला. मी त्याला स्टेशनवर सोडायलाही गेलो नाही.

त्यानंतर पहिल्याच संध्याकाळी कामावरून आलो, कुलूप काढलं, गोधडीवर हात टेकला... तर ती गरम! उशाशी घामाची ओल, भिकाच्या डोक्याच्या तेलाचा वास. दोन्ही किल्ल्या माझ्याकडे होत्या. पत्र्याने तापली म्हणाल, तर डिसेंबर होता आणि बाजूची फरशी गारठलेली होती. मी नवी गोधडी आणली. दुसऱ्या संध्याकाळी तीही गरम.

आणि माझी झोप गेली ती गेलीच. रात्रभर पत्र्याकडे बघत पडायचं. खिडकीची जाळी काळ्याची राखाडी झाली, नळावर बायकांची भांडणं सुरू झाली, की नेमक्या तेव्हा पापण्या जड व्हायच्या. सातला मशीनपुढे उभा राहिलो की डुलकी यायची. एकदा माझी बाही चाकात ओढली गेली, ती फाटली म्हणून हात वाचला. तेव्हा मात्र फाटली माझी. सुट्टी टाकून गाव गाठलं.

दुपार होती. भिका ओट्यावर खाटेवर गाढ झोपलेला. त्याची बायको कावलेली होती.

“सुरतथून घर उनात तैपासून दिनभर असाच पडेल ऱ्हातस, भाऊ. हात लाई देखा.”

मी हात लावला. उन्हातल्या खाटेवर तो माणूस मडक्यातल्या पाण्यासारखा गार होता. श्वास मात्र संथ चालू होता. हाका मारल्या, हलवलं, काही नाही. संध्याकाळी सात वाजता आपणहून उठून बसला. मी पाय धरले, खोटं बोललो ते कबूल केलं.

“माले मालूम व्हतं,” तो म्हणाला.

“मग माफ कर ना भो. माले झोपू दे.”

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चुलीपुढच्या बायकोला शांतपणे म्हणाला, “याले चहा दे वं. रातभर जागनं शे याले.”

पुढे लूम सोडलं, गोळ्या झाल्या, मोठमोठे डॉक्टर झाले, रात्रीची झोप काही आली नाही. कारण कुणाला सांगता आलं नाही, मलाही नाही. मागच्या वर्षी भिका वारल्याचा फोन आला. लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला. सुटलो एकदाचा, म्हणून त्या रात्री आठलाच आडवा झालो. उजाडलं तेव्हा डोळे टक्क उघडे होते.