आजोबांच्या मृत्युपत्रातून बाबांचं नाव कुणी काढलं?

मंडळी, आज राळेगावला दिवंगत काकांच्या पेटीत आजोबांचं १९५८ सालचं मृत्युपत्र सापडलं. आधीच्या मृत्युपत्रात शेत दोन्ही मुलांना होतं. या नव्यात फक्त काकांना. कारणही लिहिलेलं: 'थोरल्याने बौद्ध होऊन घरचे देव नदीत सोडले. धाकट्याने सांगितले म्हणून कळले.'

नव्वदीला टेकलेल्या बाबांना ते वाचून दाखवलं. शेत काकांना गेलं एवढंच बाबांना ठाऊक होतं, हा कागद त्यांनी कधी पाहिला नव्हता; म्हणून ते आयुष्यभर आजोबांवरच रागावून राहिले.

"धाकट्यानं सांगतलं?" बाबा म्हणाले. "अरे, देवाची टोपली तं त्याच्याच डोक्यावर होती! दोघंही संगच गेलतो नदीवर."

दुपारपासून बाबा जेवलेले नाहीत. काकांच्या फोटोकडे पाठ करून बसलेत.

मी तो कागद वाचायलाच नको होता का? तुम्ही काय केलं असतं?